खुर्ची सोडून गेलेल्या विमलबाई

विमल साळवे फोन उचलल्यावर 'हॅलो' म्हणत नसत. 'कुठून?' एवढंच विचारत. पलीकडे तहसीलदार असो, साखर कारखान्याचा चेअरमन असो, नाहीतर माहेरी फोन लावून नुसतीच मुसमुसणारी नवी सून असो, पहिला शब्द ठरलेला. कोण बोलतंय हा त्यांचा दुसरा प्रश्न. काय झालं हा तिसरा.

मी तेव्हा फोन खात्यात कनिष्ठ अभियंता होतो. राहुरी तालुक्यातल्या आमच्या छोट्या एक्स्चेंजमध्ये अजून हातानं दोऱ्या खोचून फोन जोडले जात. नियमाप्रमाणे ऑपरेटरनं 'नंबर प्लीज' म्हणायचं असे. मी नवा होतो, नियम पाठ होते, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांना टोकलं. त्यांनी कानावरचं यंत्र खाली न ठेवता मान वळवली.

"सायेब, नंबर म्हनलं की मानूस नंबर आठवत बसतं. घाबरलेल्याला तर सोताचं नाव आठवत न्हाई. पन गाव कुनी इसरत न्हाई. गाव कळलं की निम्मा फोन तितंच लागतो."

मी म्हणालो, "वरून तपासणी आली तर?"

"तपासनीवाल्याला बी इचारीन, कुठून आलात म्हनून."

बुटक्या, काळ्यासावळ्या, आवाज मात्र खणखणीत. रागावल्या की गावाकडची भाषा, आणि फोनवर मोठा अधिकारी असला की 'आपण जरा थांबावे' अशी छापील भाषा. दोन्ही भाषा एकाच श्वासात वापरत. एक दोष असा होता की लोकांचं बोलणं त्या ऐकत, आणि नुसतं ऐकून थांबत नसत. एकदा सोयरिकीचं बोलणं चाललं होतं. मुलाकडचा माणूस सांगत होता, मुलगा कारखान्यात कायम आहे. मध्येच विमलबाईंचा आवाज आला, "कायम न्हाई, हंगामी हाय. त्याच्या सायबाचा फोन मी रोज जोडती." सोयरीक मोडली आणि तक्रार माझ्या टेबलावर आली. मी त्यांना बोलावून रागावलो.

"तुम्हीच म्हणता ना, फोन म्हणजे दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकणं, पायताण बाहेर काढावं म्हणून? आणि तुम्ही चपला घालून आत जाता?"

"मी कुठं आत जाती? मी उंबऱ्यावर बसल्याली हाय. उंबऱ्यावर बसल्यावर ऐकू येतंच की."

त्यांच्या या उंबऱ्यावर बसण्याचा उपयोग काय, हे मला एका दुपारी कळलं. नदीकाठच्या वस्तीवरून एक माणूस फोनवर नुसता ओरडत होता. विमलबाई म्हणाल्या, "रडायचं मागनं. आधी गाव सांग." त्यानं गाव सांगितलं. गुऱ्हाळाच्या चरकात भावाचा हात गेला होता. दवाखान्यात फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. विमलबाईंनी क्षणभर डोळे मिटले, मग दुसरी दोरी खोचली, ती बाजारातल्या एका भुसार दुकानात. "शेट, समोर न्हाव्याकडं डॉक्टर बसलं असतील. बाजाराचा दिवस हाय, दाढीला येत्यात. त्यास्नी म्हना, अर्धी दाढी ऱ्हाऊ द्या अन् निघा." डॉक्टर खरंच गालाला साबण तसाच ठेवून जीपमध्ये बसले. हात गेला, माणूस वाचला. पुढं दर हंगामात तो डाव्या हातानं गुळाची ढेप घेऊन एक्स्चेंजच्या दारात उभा राही आणि विमलबाई त्याला दरवेळी दम देत, "एवढी जड कशाला आनलीस? उरलेला हात बी मोडून घ्यायचाय का?"

मग स्वयंचलित एक्स्चेंज आलं. दोऱ्या गेल्या, त्या खोचायचा फळा गेला. तो फळा मीच उतरवून घेतला. विमलबाईंना तक्रारींच्या खिडकीवर बसवलं. तिथं त्या रमल्या नाहीत. "मशिनीला गाव नसतं," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. खात्यानं लवकर निवृत्तीची योजना काढली तेव्हा त्या बाहेर पडल्या, आणि देवळाली प्रवराच्या बाजूला एका खासगी कंपनीचा मोठा दूध प्रकल्प आहे, तिथं ऑपरेटर म्हणून लागल्या. परिसरात सगळे त्याला डेअरीच म्हणतात.

डेअरीत त्यांचं राज्य पुन्हा उभं राहिलं. आतल्या कुठल्याही फोनवर नऊ दाबलं की विमलबाई. डॉक्टर हवा, गॅरेजवाला हवा, टँकर कुठं अडकला हे हवं, नऊ दाबायचं. 'नऊ दाब, बाई बघती' अशी तिथली रीतच पडली. त्यामुळं डेअरीत कुणाला बाहेरचा एक नंबर पाठ नव्हता, आणि फोनवर आपण कुठून बोलतोय हे सांगायची सवयही राहिली नव्हती. बाईंना आतला फोन कुठला आहे ते दिव्यावरून कळे. शेजारच्या आळीतल्या सरूबाईंचा एकुलता एक मुलगा दत्तू, त्यालाही विमलबाईंनीच मॅनेजरच्या मागं लागून तिथं चिकटवला होता. थंडाव्याच्या मशीनरूममध्ये. सरूबाई आणि विमलबाई यांचं जुनं मेतकूट. दोघींची घरं दोन वेगळ्या आळ्यांत, विमलबाईंचं विहारामागच्या, पण पापड लाटायचे ते एका अंगणात.

मी निवृत्त होऊन नगरला राहत होतो. डेअरीच्या कंपनीनं पुण्याच्या मुख्य कार्यालयातून सगळे फोन इंटरनेटवर घ्यायचं ठरवलं आणि सल्लागार म्हणून मला बोलावलं. मी डेअरीच्या ऑफिसात शिरलो तर समोर विमलबाई.

"आलात व्हय पुन्हा माझा बोर्ड काढायला?"

"तुमचा बोर्ड काढल्याशिवाय मला करमत नाही," मी म्हणालो. दोघंही हसलो. बोर्ड मी काढलाच; नऊ दाबलं की बाईंच्या टेबलावरचा फोन वाजे, तेवढं मात्र नव्या यंत्रातही ठेवलं.

आता थोडं फोनच्या तारेबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. जुन्या फोनची तार गावातल्या एक्स्चेंजला जाते. तुम्ही १०१ फिरवलं की एक्स्चेंजला माहीत असतं, ही तार इथली आहे, फोन इथल्याच आगीच्या बंबाकडं द्यायचा. इंटरनेटवरच्या फोनचं तसं नसतं. डेअरीतले सगळे फोन आता पुण्याच्या मुख्य कार्यालयातल्या यंत्रातून बाहेर पडणार होते. बाहेरच्या जगाला ते पुण्यातून आलेलेच दिसणार. तेव्हा एक जुनी तार राखून ठेवायची आणि पोलीस, बंब, दवाखाना यांचे नंबर तेवढे त्या तारेवरून सोडायचे, ही साधी रीत. ही रीत मला माहीत होती. खात्यात असताना मी ती दुसऱ्यांना शिकवली आहे.

काम चालू असताना रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीनं नेमकी ती जुनी तार तोडली. मी म्हटलं, तार जोडून होईपर्यंत हेही नंबर तात्पुरते इंटरनेटवरून जाऊ देत. तार पुढं जोडून झाली. मी मार्ग बदलला नाही. घरी बसून संगणकावर होणारं काम होतं. आज करू, उद्या करू, करता करता ते माझ्या डोक्यातून गेलं.

विमलबाईंच्या डोक्यातून गेलं नव्हतं. शेवटच्या दिवशी मी पिशवी भरत होतो तेव्हा त्या जवळ आल्या.

"सायेब, आगीचा नंबर लावून बघितला का?"

"तो असा उगाच लावायचा नसतो, विमलबाई. गुन्हा आहे."

"उगाच कोन लावतंय? आधी त्यास्नी सांगायचं, बाबांनो आमी तपासतोय, अन् मग लावायचा. एक्स्चेंजला तुमीच लावायचात की."

"बघितलाय मी."

"कधी?"

"तुम्ही जेवायला गेला होतात तेव्हा."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "मी डबा हितंच खाती," म्हणाल्या.

मी हसून विषय उडवला. मला वाटलं, बाईला खुर्ची जायची धास्ती आहे, म्हणून नव्या यंत्रात खोड काढते आहे. धास्ती त्यांना होतीच, ती त्या लपवत नव्हत्या. पण विचारलं होतं ते बरोबर होतं. खोटं बोलायचं मला काही कारण नव्हतं. एक फोन करायचा कंटाळा, एवढंच.

ज्या दिवशी घडलं त्या दिवशी मी तिथं नव्हतो. सांगतो ते विमलबाईंनी, सुपरवायझर निमसे यांनी आणि बंबावरच्या माणसांनी नंतर सांगितलेलं आहे. एक गोष्ट मात्र मला स्वतःला ठाऊक आहे, आणि तीच मी पुढं फार दिवस कुणाला सांगितली नाही.

सकाळचं दूध उतरवून झालं होतं. मशीनरूममध्ये अमोनियाचा पाईप फुटला. हा वायू डोळ्यांत आणि छातीत एकदम घुसतो, माणसाला उभं राहू देत नाही. निमसेंनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि भिंतीवरच्या फोनवरून १०१ लावला. नवे फोन बसल्यावर, अपघात झाला तर थेट १०१ लावा, असा फलकच लावला होता. फोन लगेच उचलला गेला. निमसे घाईघाईनं म्हणाले, "आपल्या डेअरीत अमोनिया सुटलाय. मागल्या गेटानं या, पुढं टँकरची लाईन हाय." आणि फोन ठेवून दिला.

गावाचं नाव घेतलं नाही. कशाला घेतील? इथल्या बंबावरच्या माणसांच्या घरी याच डेअरीचं दूध जातं. 'आपली डेअरी' म्हटलं की झालं. पण ज्यानं फोन उचलला तो पुण्यात बसला होता. त्याच्या समोर कंपनीचं नाव आणि मुख्य कार्यालयाचा पत्ता आला. त्या माणसानं क्षणही वाया घालवला नाही. त्याचा काडीचाही दोष नाही. त्यानं बंब पाठवला, पुण्यातल्या त्या काचेच्या इमारतीकडं.

इकडं सगळे मागच्या गेटाशी बंबाची वाट बघत उभे. वारा फिरला आणि वायू पिशव्या भरणाऱ्या बायकांच्या शेडकडं जायला लागला. दत्तू एकदा बाहेर आलेला होता. त्यानं टॉवेल भिजवून तोंडाला बांधला. निमसे म्हणाले, "थांब, बंब येतोय, त्यांच्याकडं मास्क हायेत." दत्तू म्हणाला, "येतोयच न्हवं? मग मी अमोनियाचा वॉल तेवढा बंद करतो. पडलोच तर ते काढतील की भाईर." बंब येतोय या भरवशावर तो आत गेला.

विमलबाई पुढच्या ऑफिसात होत्या. वास आला तसा त्यांनी निमसेंना फोन लावला. "बंब सांगितला का?" "सांगितला, निघालाय." त्या उठून गेटापर्यंत आल्या आणि रस्त्याकडं कान लावून उभ्या राहिल्या. बंब निघाला की नदीच्या पुलावरूनच त्याची घंटा ऐकू येते. काही ऐकू येईना. "सांगितलाय म्हनत्यात अन् येत न्हाई, म्हंजी निरोप मधीच कुठंतरी पडलाय," असं त्यांना वाटलं. हे त्या मला पुढं म्हणाल्या. आयुष्यभर त्यांनी पडलेले निरोपच उचलले होते. ज्या फोनवर निरोप पडला त्याच फोनवर पुन्हा भरवसा ठेवायला त्यांचं मन धजेना. रिकाम्या किटल्या घेऊन एक शेतकरी मोटारसायकलवर चालला होता. त्याला अडवून त्या मागं बसल्या, पदर नाकाला लावला आणि गेल्या. रस्त्यापलीकडं पळून आलेल्या पन्नासएक लोकांनी ते बघितलं.

बंब शेडमध्ये उभा होता. माणसं चहा पीत होती.

"डेअरीचा फोन आला न्हवं? मग बसलात का?"

"कुठला फोन, मावशी? सकाळपासून एक बी फोन न्हाई."

"मी हितं उभी हाय, ह्योच फोन समजा. उठा!"

त्या बंबात पुढं बसूनच परत आल्या. मागच्या गेटाकडं गाडी वळवून दिली आणि खोकत रस्त्याच्या कडेला बसून राहिल्या. दत्तूला बाहेर काढलं तेव्हा उशीर झालेला होता. वॉल्व त्यानं बंद केला होता.

त्याच सुमाराला नगरला माझ्या घरी फोन वाजला. पुण्याच्या मुख्य कार्यालयातून. "साहेब, इथं दारात आगीचा बंब आलाय. आमच्याकडं तर काहीच नाही. हा काय प्रकार?" काय प्रकार ते मला त्या क्षणी कळलं. मी म्हणालो, "बघतो." दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी विचारायच्या आत, मी १०१चा मार्ग बदलून जुन्या तारेवर टाकला.

काही दिवसांनी पुण्याहून कंपनीचे दोन साहेब चौकशीला आले. डेअरीच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवलं. आधी नगरपालिकेला कळवून त्यांनी सगळ्यांच्या देखत त्याच भिंतीवरच्या फोनवरून १०१ लावला. विमलबाई मला ज्या पद्धतीनं करा म्हणत होत्या, अगदी तशी तपासणी. फोन इथल्या बंबाकडं वाजला. हॉलमधल्या माना विमलबाईंकडं वळल्या. फोन भलतीकडं गेला असणार असं एकट्या त्याच सांगत होत्या.

निमसेंना विचारलं, "तुम्ही नक्की १०१च लावला होता का?" निमसे आधीच खचलेले. म्हणाले, "घाईत नऊ दाबलं असंल सायेब. जुनी सवय हाय. पलीकडं कुनी उचलला का मी नुसताच बोलून ठेवला, ते बी आता सांगता येत न्हाई." म्हणजे फोन बाईंकडं वाजला आणि बाई जागेवर नव्हत्या, असं सगळं बिनबोभाट जुळून आलं. मुख्य कार्यालयाच्या दारात उभ्या राहिलेल्या बंबाचा विषय त्या दोघा साहेबांनी काढला नाही. मीही काढला नाही.

मग मला विचारलं.

"यंत्रणा चालू होती?"

"चालू होती."

"तपासली होती?"

"होती."

"ऑपरेटर जागेवर होत्या?"

"नव्हत्या."

विमलबाई उठून उभ्या राहिल्या. "सायेब, माझ्याकडं बघून सांगा." मी भिंतीवरच्या फोनकडं बघत राहिलो. त्या म्हणाल्या, "कागदावर सायेब लई चांगले हायेत," आणि निघून गेल्या.

त्यांची नोकरी गेली. ते एक वेळ निभलं असतं. पण गावात त्या 'खुर्ची सोडून पळालेली बाई' झाल्या. बोलणाऱ्यांनी त्यांच्या आळीलाही त्यात ओढलं, "त्यांच्याकडून दुसरं काय व्हनार" म्हणून. बंबावरची माणसं सांगत होती की बाईनंच आम्हाला आणलं. त्यावर लोक म्हणत, पळता पळता सांगितलं असेल. आणि सरूबाईंनी भर रस्त्यात त्यांना गाठून छाती बडवून घेतली, "माझा दत्तू आत गुदमरत हुता अन् तू फटफटीवर बसून चालली हुतीस! तूच त्याला तितं लावलास, अन् तूच सोडून गेलीस!" विमलबाईंनी हात धरायला हात पुढं केला तो त्यांनी झिडकारला. त्यानंतर सरूबाईंनी त्या आळीत पाय ठेवला नाही. विमलबाई समोरून आल्या तर त्या वाट बदलत.

विमलबाई माझ्याकडं एकदाच आल्या. एस.टी.नं नगरला, पत्ता विचारत. माझी बायको चहा टाकायला उठली तर म्हणाल्या, "चहा नको वहिनी." मग माझ्याकडं वळल्या.

"नोकरी मागायला आले न्हाई. मला ती नकोच. फकस्त सरूला सांगा. एकदा. मी सांगितलं तर तिला वाटतं, मी सोताला वाचवती. तुमी सांगितलं तर ती ऐकंल."

"काय सांगू?"

"जे हाय ते. फोन माझ्याकडं आला न्हवता, एवढंच. बाकी तुमचं तुमच्यापाशी ठेवा."

केवढंसं मागणं होतं. मी म्हणालो, "बघतो."

"तुमचं 'बघतो' म्हंजी न्हाई. हे मला खात्यापासनं म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. रागानं नाही. जिना उतरताना त्या मध्ये मध्ये थांबत होत्या. वायू सुटला त्या दिवसापासून छाती धरली होती ती सुटली नव्हती.

बघतो म्हटलं आणि खरंच नुसतं बघत राहिलो. कंपनीनं मला काही धमकी दिली नव्हती. माझी पेन्शन खात्याची, तिला धक्का लागणार नव्हता. तरी सांगितलं नाही. सगळ्यांत चांगला अभियंता अशी निरोप समारंभात माझी स्तुती झाली होती. ती मी उराशी धरून बसलो होतो, दुसरं काही नाही. एकदा धीर करून विमलबाईंच्या मोबाईलवर फोन लावला. पलीकडून आवाज आला, "हॅलो." मला आधी वाटलं फोन चुकला. मग आवाज ओळखला. त्या दोन-तीनदा हॅलो म्हणाल्या, तरी मी कुठून बोलतोय हे त्यांनी विचारलं नाही. मी फोन ठेवून दिला.

त्या गेल्याचं मला त्यांच्या मुलीनं, सुजातानं कळवलं. ती नर्स आहे. पुण्यानुमोदनाला मी गेलो. विहारासमोर मंडप होता, वंदना झाली. मग रीतीप्रमाणे एकेक जण उठून त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलू लागला. डाव्या हातानं गूळ आणणारा तो गृहस्थ आता म्हातारा झालाय, तोही बोलला, आणि बोलता बोलता बसला. कुणीतरी माझं नाव पुकारलं. "त्यांचे जुने साहेब आलेत, त्यांनी बोलावं." मी उभा राहिलो. हातात माईक, समोर त्यांची सगळी माणसं. मी म्हणालो, "विमलबाई अत्यंत वक्तशीर आणि कर्तव्यदक्ष होत्या." आणखीही अशीच काही वाक्यं म्हणालो. सुजाता पहिल्या रांगेत मान खाली घालून ऐकत होती. खाली बसताना मला माझीच शिसारी आली.

त्यानंतर मी सरूबाईंकडं गेलो. दारात शेंगा निवडत बसल्या होत्या. मी कोण ते सांगितलं, आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. तार, मार्ग, पुण्याचा बंब, दुसऱ्या दिवशी सकाळी केलेला बदल, चौकशीतली उत्तरं. त्यांचा हात शेंगांवर थांबला होता.

"म्हंजी फोन तिच्याकडं आलाच न्हवता?"

"नाही."

"अन् ती बंब आनायला गेली हुती?"

"हो. त्यांनीच आणला."

"हे तिला म्हाईत हुतं. तुमाला म्हाईत हुतं. अन् मला एकटीलाच न्हाई." त्यांनी सूप बाजूला सारलं. "पोरगं माझं गेलं, ते गेलं. त्यो त्याच्या पायानं आत गेला, बायांसाठी गेला. पन विमल कुठं गेल्ती? हितंच हुती की, चार घरं पलीकडं. तिच्या शेवटाला मी गेले न्हाई सायेब. पोरगी बोलवायला आल्ती, तरी गेले न्हाई. ह्याची माफी आता मी कुनाकडं मागू?"

मी म्हणालो, "माझी चूक झाली, सरूबाई."

"मला एकटीला कशाला सांगता? तिला भर रस्त्यात बोलले हुते मी." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पदर खोचला. "चला. तुमी व्हा पुढं."

मी पुढं आणि त्या मागं, असे आम्ही विहारामागच्या आळीत शिरलो. सरूबाई त्या आळीत आलेल्या बघून बायका दारात आल्या. विमलबाईंच्या घरासमोर आम्ही थांबलो. सुजाता बाहेर आली. आत या म्हणाली नाही. सरूबाईंनी तिच्याकडं बघितलं नाही, त्यांना बघवलं नाही. मला म्हणाल्या, "बोला. मोठ्यानं."

मी बोललो. मध्येच मी थांबलो तशा त्या मागून म्हणाल्या, "थांबू नका." मी शेवटपर्यंत सांगितलं. आळीत तोवर बरीच माणसं जमली होती. सरूबाई उंबऱ्याशी खाली बसल्या आणि त्यांनी डोकं चौकटीला टेकलं.

सुजातानं मला एकच विचारलं. "आई होती तेव्हा का नाही सांगितलंत?"

खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं. मी म्हणालो, "भीती वाटली."

"आईलापण वाटली होती," ती म्हणाली. "गाडीवर बसताना पाय लटलटत होते तिचे. तरी ती गेली."